१३ नंतर पुन्हा १ !

"पायाचा नंबर काय?" असं दुकानदाराने विचारलं की आपण पटकन सांगतो. पाच, सात, नऊ. पण पाच काय? पाच इंच? पाच सेंटिमीटर? जर्नलमध्ये उत्तरापुढे युनिट लिहायला विसरलं तर आमचे सर लाल पेनने भला मोठा गोल करतात आणि सबमिशन परत पाठवतात. आणि रोज पायात घालायच्या वस्तूचा नंबर मात्र आपण वर्षानुवर्षं युनिटशिवाय सांगत आलोय! खरं सांगायचं तर गेल्या जूनपर्यंत हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. तो पडला माझ्या धाकट्या भावामुळे.

(आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी घरी बोलण्यापुरतं आणि शाळेत मार्कांपुरतं. त्यामुळे र्‍हस्व-दीर्घाच्या चुका एडिटरच्या नावावर खपवाव्यात, ही नम्र विनंती.)

चिन्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आमच्या घरातलं शेंडेफळ. परीक्षा संपवून मी नाशिकला घरी गेले तेव्हा त्याची शाळा नुकतीच सुरू झाली होती. शाळेतून आला की हा दारातच एक बूट इकडे आणि एक तिकडे असा भिरकवायचा. "काही शिस्त आहे की नाही?" म्हणून मी ताईगिरी करत ओरडले सुद्धा. मग एका रविवारी त्याची नखं कापायला बसले आणि पाय हातात घेतल्यावर बघते तर काय, दुसऱ्या बोटाचं नख काळंनिळं आणि बोटाच्या टोकाला घट्टा पडलेला. आठ वर्षांच्या मुलाला घट्टा!

"चिन्या, बूट टोचतात का रे?"

"नाही."

"घट्ट होतात?"

"नाही गं ताई. बरोबर होतात."

रात्री दिवा घालवल्यावर मात्र हळूच म्हणाला, "बाबा म्हणाले होते ना, ताईची फी भरली की मग बाकीच्या खरेदीचं बघू."

मला काय बोलावं तेच सुचेना. बाबा हे वाक्य फेब्रुवारीत बोलले होते, तेही कूलर घ्यायच्या संदर्भात. ह्या पठ्ठ्याने ते ऐकलं आणि शाळेचं उरलेलं वर्ष बोटं दुमडून काढलं. त्या बुटांची किंमत माझ्या एका सेमिस्टरच्या झेरॉक्सच्या खर्चापेक्षा कमी होती. आईला कळलं तेव्हा ती रडलीच. "अगं, मी दर महिन्याला विचारायचे त्याला, बूट होतात ना रे? आणि तो हो म्हणायचा."

आईने विचारलं होतं. कुणी मोजलं मात्र नव्हतं. हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे.

बार्लीचा दाणा

आधी नंबरचं कोडं सोडवू. आपल्याकडे शाळेच्या बुटांवर बहुतेक वेळा ब्रिटिश नंबर असतो. त्याचं युनिट आहे बार्लीचा दाणा! एका इंचात तीन दाणे असं जुनं ब्रिटिश माप होतं. म्हणजे एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने, साधारण ८.५ मिलिमीटरने वाढते. मुलांच्या नंबरची सुरुवात शून्य इंचापासून होत नाही, चार इंचांपासून होते. तिथून १३ पर्यंत मोजायचं आणि १३ नंतर १४ न येता मोठ्यांचा १ नंबर सुरू होतो. दुकानात आई हे ऐकून म्हणाली होती, "अहो, १३ झाला तर १ कसा घालेल तो?" आईचं काही चुकलेलं नाही, ती पद्धतच तशी विचित्र आहे.

सूत्रात लिहायचं तर, मुलांचा नंबर = (३ × साच्याची लांबी इंचात) − १२. इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे ही लांबी पायाची नाही. ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर बूट शिवतात, त्या साच्याची ती लांबी. साच्यात जागा किती सोडायची हे ज्याने त्याने ठरवायचं. म्हणून एका कंपनीचा १२ आणि दुसऱ्या कंपनीचा १२ यांत फरक पडतो.

युरोपियन नंबरचं युनिट वेगळं, दोन तृतीयांश सेंटिमीटर म्हणजे ६.६७ मिमी. स्पोर्ट्स शूजच्या जिभेवर आतून दोन-तीन नंबर छापलेले असतात ते याच कारणाने. सगळ्यात सरळ पद्धत आहे मोंडोपॉइंट. तिच्यात थेट पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहितात. इंजिनियरला पटेल अशी ही एकच पद्धत, पण शाळेच्या बुटांवर ती मला कुठे दिसली नाही!

क्लिअरन्स फिट की इंटरफिअरन्स फिट?

मेट्रॉलॉजीच्या लेक्चरला आपण होल आणि शाफ्ट शिकलो. शाफ्ट होलपेक्षा लहान असेल तर क्लिअरन्स फिट, मोठा असेल तर इंटरफिअरन्स फिट. आता बूट म्हणजे होल आणि पाय म्हणजे शाफ्ट असं समजा. गंमत अशी की हा शाफ्ट वाढतो! वर्ष ते तीन वर्षांच्या बाळाचा पाय महिन्याला साधारण दीड मिमी वाढतो, तीन ते सहा वर्षांत महिन्याला साधारण एक मिमी आणि नंतर वेग थोडा कमी होतो. म्हणजे चालायला लागलेल्या बाळाचा बूट सहा महिन्यांत एक नंबर मागे पडतो. चिन्याच्या वयाला एक नंबर साधारण वर्षभरात.

शिवाय हा शाफ्ट स्टीलचा नाही. मोठ्या माणसाच्या एका पायात २६ हाडं असतात, पण बाळाच्या पायात त्यातला बराच भाग कूर्चेचा असतो. पायाच्या कमानीतलं एक महत्त्वाचं हाड, नाव्हिक्युलर, दोन ते चार वर्षांच्या दरम्यान कुठे हाड व्हायला सुरुवात होते. पाय पूर्ण कडक व्हायला अठरावं वर्ष उजाडतं. त्यामुळे घट्ट बुटात मोठ्या माणसाचा पाय ओरडतो, पण मुलाचा मऊ पाय निमूटपणे बुटाचा आकार घेतो. ऑस्ट्रियात बालवाडीच्या वयाच्या ८५८ मुलांचा अभ्यास झाला होता, तो २००९ साली छापून आला. त्यात असं दिसलं की बूट जितका आखूड, तितका पायाचा अंगठा बाकीच्या बोटांकडे जास्त कललेला.

मग आपले आईवडील काय करतात? थेट दोन नंबर मोठा बूट घेतात. "वाढत्या अंगाचं पोर आहे!" माझंही सगळं बालपण पुढे कापूस कोंबलेल्या बुटात गेलं. आमच्या शाळेत सिस्टर असेंब्लीला सगळ्यांचे बूट तपासायच्या. पॉलिश आहे का, बक्कल लावलंय का, पीटीच्या दिवशी कॅनव्हासच्या बुटांना पांढरा खडू फासलाय का. आतल्या पायाचं काय चाललंय ते कोण बघणार?

दोन नंबर मोठा म्हणजे १७ मिमी जास्त. योग्य बुटात पुढे १२ मिमी जागा लागतेच. म्हणजे एकूण २९ मिमी, जवळजवळ तीन सेंटिमीटर मोकळं! असा बूट टाचेला धरत नाही. पाय प्रत्येक पावलाला पुढे घसरतो आणि बोटं पुढच्या टोकावर आपटतात. म्हणजे सैल बुटात सुद्धा बोटांनाच मार बसतो. शिवाय बूट पडू नये म्हणून मूल बोटांनी सोल पकडून, पाय ओढत चालतं. पहिलं वर्ष बूट ढगळ, मधले काही महिने बरोबर आणि त्यानंतर "अजून फाटला नाहीये ना" म्हणून घट्ट होईपर्यंत घालायचा. म्हणजे एकाच बुटात दोन्ही चुका करून होतात!

दादाचा वापरलेला बूट धाकट्याला देण्यातही हीच अडचण आहे. दादाच्या पायाने आतला तळ दाबून स्वतःचा ठसा उमटवलेला असतो, टाच एका बाजूला झिजलेली असते. चार वेळा घातलेला लग्नातला बूट चालेल, पण वर्षभर रोज घातलेला नको.

अंगठा दाबून बघणे

दुकानात सगळे काय करतात, तर बुटाच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबून बघतात. सेल्समन, आई, आजी, सगळे. ही टेस्ट मुलांच्या बाबतीत दोन कारणांनी फेल जाते. एक, शाळेच्या बुटाचं पुढचं टोक कडक असतं, वरून काही कळत नाही. दोन, वरून दाब आला की मूल आपोआप बोटं आत ओढून घेतं. मग आपण म्हणतो, "बघ, किती जागा आहे!"

आणि "दुखतं का?" हा प्रश्नही बादच. नवीन बूट हवा असेल तर मूल काहीही सांगेल. आवडता रंग मिळाला असेल तर "अजिबात नाही दुखत" म्हणेल. आणि काही मुलं फीचा विचार करून गप्प बसतात, हे तर तुम्ही वाचलंच.

मग मोजायचं कसं?

लागणारं साहित्य : कागद, पेन्सिल, ड्रॉइंगचा सेट स्क्वेअर आणि एक जुनी लग्नपत्रिका. (आता 'कृती' लिहिते, पण ही भेळेची रेसिपी नाही!)

१. संध्याकाळी मोजा. दिवसभर खेळून पाय थोडा फुगतो, म्हणून सकाळचं माप कमी भरतं.

२. मुलाला शाळेचे मोजे घालून सरळ उभं करा, टाच भिंतीला टेकवून, वजन दोन्ही पायांवर. बसून घेतलेलं माप चुकतं, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. मोजेही घट्ट नाहीत ना ते बघा, धुऊन आखडलेले मोजे बोटं तितकीच दाबतात.

३. सगळ्यात लांब बोटापुढे सेट स्क्वेअर उभा धरून कागदावर खूण करा. पेन्सिल तिरकी धरली तर तीन-चार मिमी तिथेच जातात, पॅरालॅक्स एरर आठवा! आणि लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. चिन्याचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, म्हणून नेमकं त्याचंच नख काळं पडलं.

४. दोन्ही पाय मोजा. दोन्ही क्वचितच सारखे असतात. मोठा असेल तो धरायचा.

५. त्यात १२ मिमी मिळवा आणि तेवढ्या लांबीची, बोटभर रुंदीची पट्टी लग्नपत्रिकेतून कापा. दुकानात ही पट्टी बुटाच्या आत तळाला सरळ सरकवा. न वाकता टाचेपासून टोकापर्यंत बसली तर लांबी पास. पुढे आणखी पाच मिमीपर्यंत जागा असेल तरी चालेल. त्याहून जास्त नको.

ही पट्टी का, तर नंबरवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. ऑस्ट्रियातच बुटांची आतली लांबी मोजली तेव्हा बऱ्याच बुटांची लांबी छापलेल्या नंबरपेक्षा कमी भरली.

६. लांबी झाली की रुंदी. आतला सोल निघत असेल तर तो बाहेर काढून मुलाला त्यावर उभं करा. पाय कडेने बाहेर येत असेल तर बूट अरुंद. लांबी वाढवून रुंदीचा प्रश्न सुटत नाही, दुसरा बूटच बघावा लागतो.

७. बूट हातात धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी, पाय जिथे वाकतो तिथेच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. टाचेचा मागचा भाग मात्र दाबल्यावर चेपता कामा नये.

८. लेस किंवा वेल्क्रो असलेला बूट पायाला धरून ठेवतो, नुसता सरकवायचा बूट तितका धरत नाही. बांधून मुलाला दुकानात पाच मिनिटं चालू द्या, पळू द्या. टाच वर निसटते का बघा. सेल्समन कंटाळला तरी हरकत नाही!

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. दर तीन महिन्यांनी (बाळ असेल तर दीड-दोन महिन्यांनी) पाय पुन्हा मोजायचा. पुढची जागा सहा-सात मिमीपेक्षा कमी झाली की बूट बदलायचा, मग तो कितीही चकाचक असो.

आमच्या घरचं रीडिंग सांगते. चिन्याचा पाय २०० मिमी. त्याच्या १२ नंबरच्या बुटाची लांबी सूत्राप्रमाणे आठ इंच, म्हणजे २०३ मिमी. पट्टी घालून मोजलं तर आत भरली २०१. म्हणजे एक मिमी क्लिअरन्स! हवी होती २०० अधिक १२, म्हणजे २१२ मिमी. सूत्रात घाला, नंबर येतो १३.

एक स्टुडंट प्रोजेक्ट

हे सगळं मोजणारं एक यंत्र आहे, आणि ते एका विद्यार्थ्याने केलं हे वाचून मला भारी वाटलं. अमेरिकेत सिराक्यूज गावात चार्ल्स ब्रॅनॉक नावाचा मुलगा होता. वडिलांचं बुटांचं दुकान. कॉलेजात असताना त्याने मेकॅनोसारख्या खेळण्यातल्या पट्ट्या आणि स्क्रू जोडून पाय मोजायचं मॉडेल बनवलं. १९२८ साली त्याला पेटंट मिळालं. धातूची पाटी, तिच्यावर सरकणाऱ्या दोन पट्ट्या, बस्स. लांबी मोजते, रुंदी मोजते आणि टाचेपासून पाय वाकतो तिथपर्यंतचं अंतरही मोजते. जवळजवळ शंभर वर्षं झाली तरी डिझाइन तेच आहे.

त्याच काळात दुसरं एक यंत्रही निघालं होतं, बूट घातलेल्या पायाचा एक्स-रे दाखवणारं! अमेरिका-इंग्लंडच्या दुकानांत मुलं लाकडी खोक्यात पाय घालून स्वतःची हाडं हलताना बघायची. मुलांना मजा, दुकानदाराला धंदा. पण रेडिएशनचा धोका लक्षात आला आणि १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यावर बंदी घातली. मग बाकीच्यांनीही हळूहळू ती यंत्रं काढून टाकली. ज्या कामाला सरकणारी पट्टी पुरते, तिथे एक्स-रे! ओव्हर-डिझाइनचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आपले पाय, दुसऱ्यांचे नंबर

एक साधी शंका येते. साचे जर युरोपच्या पायांवरून केले असतील तर ते आपल्या पायांना कसे बसणार? चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्री-डी स्कॅनरने मोजले. भारतीय पाय साधारणपणे जास्त रुंद असतो, आणि तो अरुंद बुटात मावावा म्हणून लोक लांब बूट घेतात, असं त्यात दिसलं. मुलींचा पाय अकराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांचा पंधरा-सोळाच्या आसपास सर्वांत मोठा होतो, हेही त्यात आलं. त्यावरून 'भा' (भारतमधला भा!) नावाची आपली स्वतःची नंबर पद्धत सुचवल्याच्या बातम्या २०२४ साली आल्या. तिच्यात बाळांपासून मोठ्यांपर्यंत वयाप्रमाणे आठ गट आहेत. नाशिकच्या ज्या दुकानात आम्ही गेलो तिथे मात्र जुनेच नंबर होते.

आणखी एक गोष्ट वाचून आजी खूश झाली. राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायाचे ठसे तपासले होते. १९९२ साली ते छापून आलं. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं आणि अनवाणी वाढलेल्यांमध्ये २.८ टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं, चपला-सँडल घालणाऱ्यांमध्ये कमी. याचा अर्थ चिन्याला रस्त्यावर अनवाणी पाठवा असा नाही. काचा, खिळे, गरम डांबर, सगळं आहे. पण घरात पाय मोकळे ठेवायची आपली जुनी सवय पायाला चांगलीच आहे. चालायला शिकणाऱ्या बाळाला घरात बूट घालून मिरवायची काही गरज नाही.

(आणि लहान बाळाचा तळवा सपाट दिसला तर घाबरू नका, कमान हळूहळू तयार होते. पाय दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तर मात्र बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.)

शेवटी

त्या रविवारी संध्याकाळीच आम्ही चौघं बुटाच्या दुकानात गेलो. मी पर्समधून लग्नपत्रिकेची पट्टी काढली तेव्हा सेल्समन काका हसले. पहिला १३ नंबर पट्टीने नापास केला, दुसऱ्या कंपनीचा पास झाला. काकांनी ती पट्टी हातात घेऊन नीट बघितली आणि म्हणाले, "ही ठेवू का मी?" मी देऊन टाकली. पत्रिका घरी पुष्कळ आहेत.

चिन्या दुकानातून घरापर्यंत पळतच आला.

बाबा त्या दिवशी फारसं काही बोलले नाहीत. पण स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर जिथे आमच्या उंचीच्या खुणा आहेत, तिथे खाली भिंतीला लागून त्यांनी एक कागद चिकटवलाय. त्यावर तारीख आणि चिन्याच्या पायाचं माप, युनिटसकट! सप्टेंबरच्या रीडिंगला २०३ आलं. फोनवर त्याने मला स्वतः सांगितलं. "ताई, नऊ मिमी उरलेत. सहा झाले की सांगतो हां."

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण हॉस्टेलला राहता. घरी कुणाला तरी धाकटा भाऊ असेल, बहीण असेल, भाचा-पुतण्या असेल. आपल्या फीचे आकडे त्यांच्या कानावर पडत असतात. या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांना "बूट होतात का?" असं विचारू नका. खाली बसा, पाय हातात घ्या आणि मोजा.